अनवाइंड: वाचायच्या आधी आणि वाचून झाल्यावर येणारे प्रश्न

आमच्या रविवारच्या वाचन गटात आठवी ते अकरावीची मुलं येतात आणि दरवर्षी एकदा तरी गाडी नील शस्टरमन या अमेरिकन लेखकाच्या 'अनवाइंड' या कादंबरीवर येऊन थांबतेच. मग मुलं विचारतात, त्यांचे आईबाबा विचारतात, एकदा तर एका मुलीच्या आजोबांनी फोन करून विचारलं की पोरांना हे काय वाचायला दिलंय. प्रश्न तेच तेच असतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. ज्या उत्तरांत पुढची गोष्ट फुटते ती खाली ठेवलीयेत, तिथे तसं लिहिलंय.

स्टोरी काय आहे, थोडक्यात सांगा ना?

अमेरिका आहे पण पुढच्या काळातली, साल कुठेच दिलेलं नाही. तिथला कायदा म्हणतो की गर्भात आल्यापासून १३ वर्षांपर्यंत मुलाच्या जिवाला कुणी हात लावायचा नाही, पण १३ ते १८ या वयात आईबापांनी ठरवलं तर सही करून मुलाला 'अनवाइंड' करायला देता येतं. म्हणजे त्याचे सगळे अवयव काढून दुसऱ्यांना लावायचे, हात, डोळे, मेंदूचे तुकडेसुद्धा, शरीराचा ९९.४४ टक्के भाग वापरलाच गेला पाहिजे असा नियम आहे, आणि सगळं कुठे ना कुठे जिवंतच राहतं म्हणून मूल मेलं असं कायदा मानतच नाही. अशी ऑर्डर निघालेली तीन मुलं पळतात. १८ पूर्ण होईपर्यंत सापडली नाहीत तर सुटली.

'अनवाइंड' ला मराठीत काय म्हणायचं?

आमच्या गटात यावर अख्खा एक रविवार गेलाय. डिक्शनरीत उलगडणं असं मिळतं, पण उलगडताना काही तुटत नाही, घडी परत घालता येते. एका मुलीची आई घरी शिवणकाम करते, ती मुलगी म्हणाली काकू हे तर उसवणं आहे, टाके काढून कापड सुटं करायचं आणि दुसऱ्याला लावायचं. तेव्हापासून आम्ही उसवणंच म्हणतो. आणि गंमत म्हणजे हा शब्द वापरायला लागल्यापासून मुलं पुस्तक जास्त मनावर घेतात, इंग्रजी शब्द नुसता कानावरून जायचा, 'त्याला उसवायला नेलं' म्हटलं की खोलीत सगळे गप्प होतात.

ही तिघं कोण आहेत?

कॉनर १६ चा, डोक्याने तापट, शाळेत मारामाऱ्या करणारा, घरच्यांच्या नाकी नऊ आणलेले. रिसा १५ ची, सरकारी अनाथालयात वाढलेली, तिथल्या सगळ्या मुलांचं आडनाव 'वॉर्ड' च असतं, पियानो छान वाजवते पण 'छान' पुरेसं नाही, बजेट कापलं गेलंय आणि जागा कमी करायच्यात म्हणून तिचं नाव यादीत. आणि लेव्ह, १३ चा, हा तिघांत वेगळा. तो घरातलं दहावं मूल, आणि बायबलमधल्या दशमांशासारखा त्याला आईबापांनी जन्मापासून देवाला द्यायचा ठरवलेला. त्याच्यासाठी मोठी पार्टी होते, पांढरे कपडे घालतात, आणि त्याला स्वतःला त्याचा अभिमान असतो. ज्यांनी खंडोबाला वाहिलेल्या वाघ्या-मुरळीच्या गोष्टी आजीकडून ऐकल्यात त्यांना लेव्ह लगेच कळतो. मुलं त्याला सुरुवातीला वेडा म्हणतात, आईबाबा मात्र त्याच्या चॅप्टरला अडखळतात असं माझ्या बघण्यात आलंय.

म्हणजे सरकारविरुद्ध बंड करणाऱ्या पोरांची गोष्ट ना? सरकार व्हिलन?

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. पोलीस आहेत, कॅम्प आहेत, पळापळ आहे, सगळा माल आहे. पण सुरुवातीची पानं परत नीट वाचा. कॉनर वडिलांच्या टेबलात स्टेपलर शोधत असतो. त्याला आधी विमानाची तिकिटं दिसतात, बहामाजची, तीनच. आई, बाबा आणि धाकटा भाऊ. आणि मग आणखी शोधल्यावर त्याला उसवण्याची ऑर्डर सापडते. ऑर्डर तीन प्रतींत असते, पांढरी सरकारकडे, ती आधीच रवाना झालेली, पिवळी मुलासोबत शेवटपर्यंत जाणार, आणि गुलाबी आईबाबांकडे राहणार, त्यांनी काय केलं त्याचा पुरावा म्हणून.

यानंतर तो जे करतो ते मी मुलांना मोठ्याने वाचून दाखवते. तो ओरडत नाही, भांडत नाही. आईसाठी फुलं आणतो आणि ती तासन्‌तास रडत बसते. सायन्सच्या टेस्टमध्ये त्या विषयातला आजवरचा सगळ्यात चांगला ग्रेड मिळवतो आणि तो पेपर वडिलांच्या हातात देतो, वडिलांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडतो. कारण सही एकदा झाली की मागे घेता येत नाही, हे त्यालाही माहितीये आणि त्यांनाही, फक्त कुणी बोलत नाही. एकाच घरात, एकाच टेबलावर जेवतायत.

इथे सरकार कुठे आलं? सरकारने फॉर्म छापलाय, मुदत दिलीय, गाडी पाठवायची सोय केलीय. सही घरात झालीय. आपल्याकडे प्रगतिपुस्तकावर बाबा ज्या पेनाने सही करतात ना, अगदी तसल्याच पेनाने. म्हणून मला हे पुस्तक बाकीच्या पळापळीच्या पुस्तकांपेक्षा जास्त खरं वाटतं, त्यात हुकूमशहा नाहीये, राजवाडा नाहीये, सगळं रीतसर आहे, आणि शेजारीपाजारी चांगली माणसं आहेत.

दारात ठेवलेल्या बाळाचा प्रसंग एवढा का गाजतो?

कारण चांगली माणसं काय करतात ते त्यात दिसतं. या जगात गर्भपात बंद आहे पण नको असलेलं बाळ कुणाच्याही दारात ठेवून निघून जाता येतं, ठेवताना पकडले गेला नाहीत तर ते बाळ त्या घराचं झालं. कॉनर ७ वर्षांचा असताना त्यांच्या दारात असं एक बाळ येतं. आईबाबा ते गुपचूप दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवतात. दोन आठवड्यांनी परत दारात बाळ, आणि तेच बाळ. मधल्या काळात ते दारोदार फिरलेलं असतं, आता आजारी पडलंय, आणि ते वाचत नाही. मग अंत्यविधीला सगळी आळी जमते, आणि ज्यांनी ज्यांनी ते पुढे सरकवलं होतं तेच सगळ्यात जास्त रडत असतात.

दोनच पानं आहेत ही. मी स्वतः किती वेळा वाचली असतील पण दर वेळी तिथे पुस्तक खाली ठेवावं लागतं. इथे जोतीराव आणि सावित्रीबाईंची आठवण काढल्याशिवाय मला राहवत नाही, १८६३ साली पुण्यात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, विधवांनी लपूनछपून यावं, बाळंत व्हावं, बाळ ठेवून जावं, आणि तिथेच जन्मलेल्या एका मुलाला त्यांनी पुढे स्वतःचा यशवंत म्हणून वाढवलं. बाळ दारात येणं सारखंच. दार उघडणारा कोण आहे यावर सगळं आहे.

असं खरंच कधी होऊ शकतं का? आईबाप मुलाला सोडतील का असं?

उसवणं नाही, पण सोडण्याचा एक खरा किस्सा सांगते जो पुस्तकानंतर वर्षभरातच घडला. पुस्तक २००७ चं. अमेरिकेत टेक्सासने १९९९ मध्ये कायदा केला होता की नवजात बाळ हॉस्पिटलसारख्या सुरक्षित ठिकाणी आणून सोडलं तर आईवर केस होणार नाही, हेतू हा की कुणी बाळ कचऱ्यात टाकू नये. हळूहळू सगळ्या राज्यांनी असे कायदे केले. नेब्रास्काने सगळ्यात शेवटी, जुलै २००८ पासून, आणि त्यांच्या कायद्यात नुसतं 'मूल' असा शब्द होता, वय लिहायचं राहिलं. मग काय, लोक आपली मोठी मुलं आणून सोडायला लागले. चार-पाच महिन्यांत ३० पेक्षा जास्त मुलं, बरीचशी १० च्या पुढची, काही तर १७ वर्षांची, काही दुसऱ्या राज्यांतून गाडीत घालून आणलेली. ओमाहाला एका बापाने एका दिवशी ९ भावंडं आणून सोडली, बायको वारली होती आणि त्याला झेपत नव्हतं. शेवटी गव्हर्नरने विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं आणि नोव्हेंबरमध्ये वयाची मर्यादा ३० दिवस केली.

मी हे त्या आईबापांना शिव्या द्यायला सांगत नाहीये. त्यातल्या पुष्कळ मुलांना मानसिक आजार होते, उपचार परवडत नव्हते, घरचे थकले होते. पण एक शब्द राहून गेला आणि रांग लागली. मुलांना हे सांगितलं की ती म्हणतात म्हणजे लेखकाने फार काही वाढवून लिहिलेलं नाही.

गर्भपाताच्या बाजूचं आहे की विरोधातलं?

कुठल्याच बाजूचं नाही आणि दोन्ही बाजूंचे लोक ते आपलं मानतात. गोष्टीत याच विषयावरून अमेरिकेत दुसरं यादवी युद्ध झालंय, दोन्हीकडे सैन्य होतं, आणि उसवण्याचा कायदा ही त्या युद्धाची तडजोड आहे. लिहिलं तेव्हा तिथे गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा रो विरुद्ध वेड निकाल लागू होता, तो जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने फिरवला, त्यामुळे आताची मुलं वाचतात तेव्हा बातम्यांशी जोडून वाचतात. लेखकाचा राग दिसतो तो भांडणात ज्यांच्या नावाने भांडतोय त्यांनाच विसरून जाण्यावर.

कोणत्या वयाला द्यावं? रक्तबिक्त आहे का?

रक्त जवळजवळ नाहीच. तरी माझं मत नववीच्या आधी नको. मी एकदा चूक केली, एका सहावीतल्या मुलाला दिलं कारण तो वाचायचा भरपूर आणि मागेच लागला होता. त्याने तीन दिवसांत संपवलं आणि मग कितीतरी रात्री आईशेजारी झोपायला गेला. त्याला मारामारीची भीती वाटली नव्हती, त्याला भीती वाटली होती की आपण उद्धटपणे बोललो तर. त्याच्या आईने मला शांतपणे येऊन सांगितलं आणि मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी आधी घरच्यांशी बोलते. घरात नुकतीच मोठी भांडणं झाली असतील, कुणाला होस्टेलवर पाठवायचं चाललं असेल, किंवा मूल दत्तक असेल तर घाई नको, आणि द्यायचंच तर सोबत बसून वाचा.

हे वाचून मुलं अवयवदानाला घाबरतील ना?

हा प्रश्न डॉक्टर असलेल्या एका पालकांनी विचारला होता आणि तो रास्त आहे. म्हणून आम्ही पुस्तकासोबत आपला कायदा पण वाचतो. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आहे आपल्याकडे. जिवंतपणी अवयव देण्याची परवानगी १८ च्या आतल्यांना, अगदी अपवाद सोडले तर, नाहीच. ब्रेन डेड ठरवायचं असेल तर चार डॉक्टरांचं बोर्ड लागतं आणि तपासणी दोनदा होते, मध्ये किमान ६ तासांचं अंतर ठेवून. मग घरच्यांना विचारतात, ते नाही म्हणाले तर विषय संपला. मिळालेला अवयव कुणाला द्यायचा हे मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांतल्या झेडटीसीसी, म्हणजे अवयववाटपाचं काम बघणाऱ्या समित्या, नंबरानुसार ठरवतात.

आणि मुलांना मी एक खरी गोष्ट सांगते. पुण्याची एक इंजिनिअरिंगची मुलगी, बस अपघातात दोन्ही हात कोपरापासून गेले. २०१७ मध्ये कोचीच्या अमृता हॉस्पिटलमध्ये तिला केरळच्या एका विशीतल्या मुलाचे हात लावले, तो अपघातात ब्रेन डेड झाला होता आणि त्याच्या आईवडिलांनी हो म्हटलं होतं. हात मोठे होते, सावळे होते, केसाळ होते. पुढच्या काही वर्षांत ते बारीक झाले, रंगाने तिच्यासारखे झाले, डॉक्टरांनाही नवल वाटलं. ती त्या हातांनी लिहायला लागली. इथेही आईबापांची सही आहेच की. मुलगा गेल्यावर रडत केलेली सही. पुस्तकातली सही मूल शेजारच्या खोलीत अभ्यास करत असताना केलेली आहे, आणि हा फरक नववीतल्या मुलाला एका मिनिटात कळतो, त्याला भाषण द्यावं लागत नाही. आमच्या गटातल्या दोन घरांत यानंतर अवयवदानाचे फॉर्म भरले गेले.

पळून राहतात कसे, ते पटण्यासारखं आहे का?

बरचसं. हायवेवर ट्रकवाला, शाळेची बाथरूम, अक्रन गावातलं जुन्या वस्तूंचं दुकान आणि त्याचं तळघर, तिथून एका घरातून दुसऱ्या घरात. आपल्याकडे बेचाळीसच्या भूमिगतांच्या आठवणी ज्यांनी वाचल्यात त्यांना ही साखळी ओळखीची वाटेल, सातारा-सांगली भागात प्रतिसरकारची माणसं अशीच वस्तीवस्तीवर भाकरी खाऊन पुढे सरकायची, आणि घरातल्या बाईने तोंड उघडलं नाही म्हणून वाचायची. पुस्तकातही मोठ्यांशिवाय ही मुलं एक दिवस टिकली नसती. शेवटी ती अ‍ॅरिझोनातल्या जुन्या विमानांच्या मैदानावर पोचतात, त्याला 'ग्रेव्हयार्ड' म्हणतात, तिथे शेकडो मुलं विमानांच्या पोटात राहतात, प्रत्येकाला काम नेमून दिलेलं. अशी जागा खरोखर आहे, टूसानजवळ डेव्हिस-माँथन एअर फोर्स बेसवर, हजारोंनी विमानं वाळवंटात उभी असतात कारण हवा कोरडी म्हणून गंज धरत नाही आणि जमीन इतकी टणक की डांबर न घालता विमान ओढत नेता येतं. फोटो बघून मग तो भाग वाचा, मजा वेगळी येते.

इंग्रजी झेपेल का?

मराठी मीडियमच्या नववीच्या मुलांनी वाचलंय. वाक्यं छोटी, सगळं वर्तमानकाळात, चॅप्टर लहान आणि वर त्या त्या पात्राचं नाव. पहिली ३० पानं जरा धीर धरा, नवे शब्द येतात ते पुढे आपोआप कळतात.

किती भाग आहेत, सगळे वाचायचे का?

'अनवाइंड' २००७, मग 'अनहोली' २०१२, 'अनसोल्ड' २०१३, 'अनडिव्हायडेड' २०१४, आणि २०१५ ला 'अनबाउंड' नावाचा कथासंग्रह. दुसऱ्याचं स्पेलिंग नीट बघा, त्यात 'व्होल' म्हणजे पूर्ण हा शब्द लपलाय. पहिलं पुस्तक एकटं वाचलं तरी पूर्ण वाटतं. दुसरं नक्की वाचा, त्यात वेगवेगळ्या मुलांच्या अवयवांतून जोडून बनवलेला एक मुलगा आहे आणि तो माणूस आहे की नाही हा प्रश्न चांगलाच ताणलाय. तिसरं मला लांबलेलं वाटलं.

इथून पुढे गोष्ट फुटते. वाचलं नसेल तर थांबा.

तो उसवण्याचा चॅप्टर खरंच दाखवतात का?

हो. रोलंडचा, म्हणजे यांच्यासोबतच्या पळालेल्या मुलांतल्या दांडगट मुलाचा. कायद्याने मुलाला शुद्धीत ठेवावं लागतं, दुखत नाही पण सगळं कळत असतं. लेखक काप-रक्त काहीच दाखवत नाही, फक्त रोलंडला जे ऐकू येतं आणि जे आठवतं तेवढंच, नर्स गोड आवाजात बोलत राहते, आणि वाक्यं हळूहळू विरत जातात. रोलंड पुस्तकभर दुष्ट वागलेला असतो, आपण त्याचा राग राग केलेला असतो, आणि तरीही तिथे आपण त्याच्या बाजूने ओरडतो. नंतर त्याचाच शार्कचा टॅटू असलेला हात कॉनरला लावला जातो. कॉनर बेशुद्ध असताना, त्याला न विचारता. रिसा मात्र शुद्धीत असते, तिला नवा मणका देऊ करतात आणि ती नाही म्हणते, आयुष्यभर व्हीलचेअर पत्करते. माझ्यासाठी पुस्तकातलं सगळ्यात मोठं बंड हेच आहे.

सायफायचा जोप्लिनचा प्रसंग नीट कळला नाही.

सायफाय म्हणजे लेव्हला वाटेत भेटलेला मुलगा, त्याला एका उसवलेल्या मुलाच्या मेंदूचा भाग लावलाय, आणि त्या मुलाला, टायलरला, आपण गेलोय हेच माहीत नाही. तो सायफायला जोप्लिन गावातल्या आपल्या घरी ओढत नेतो आणि आईबाबांसमोर उभं राहून विनवतो की मी चांगला वागेन, मला उसवू नका. मुलाला कसं सांगायचं की झालंय ते केव्हाच. लेव्ह तिथे उभा राहून बघतो आणि पुढे तो जे काही करतो ते सगळं इथून सुरू होतं.

माझ्या मुलाने वाचून झाल्यावर विचारलं, 'आई तू सही केली असतीस का?' काय सांगू?

लगेच उत्तर द्या. हसू नका, 'काहीतरीच बोलतोस' म्हणू नका, 'वागणं सुधार मग सांगते' हे तर चुकूनही नको. एका ताईंनी आमच्याकडे सांगितलं की त्या म्हणाल्या, 'नाही रे, कधीच नाही, आणि तू कितीही त्रास दिलास तरी नाही', तर तो बरं म्हणून क्रिकेट खेळायला गेला. त्याला तेवढंच हवं होतं.

गटात यावर काय ॲक्टिव्हिटी घेता?

एकच, पत्राची. जुन्या वस्तूंच्या दुकानाची मालकीण सोनिया प्रत्येक पळालेल्या मुलाला निघण्याआधी आपल्या माणसाला पत्र लिहायला लावते, आणि सांगते की १८ चे झालात की येऊन घेऊन जा, नाही आलात तर मी पोस्टात टाकेन. आम्हीही तसंच करतो. कागद देते, अर्धा तास देते, पाकीट मुलंच चिकटवतात, मी वाचत नाही. पाकिटं माझ्याकडे पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात आहेत, वर नाव आणि १८ व्या वाढदिवसाची तारीख. आत्तापर्यंत सात जणांनी येऊन नेली, एकाने तिथेच जिन्यात बसून उघडलं, वाचलं आणि परत माझ्याकडे दिलं, म्हणाला काकू अजून थोडे दिवस राहू दे. यंदा घेणार असाल तर लिफाफे जाड आणा, पातळ पाकिटातून शाई दिसते.